सोबतचं माणूस

डॉ. चंद्रशेखर दारात उभे दिसले तेव्हा मला वाटलं, वाचनालयाचं एखादं पुस्तक त्यांच्याकडे राहून गेलं असेल. ग्रंथपाल म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी घरी आलं की मला आधी तेच सुचतं. पण त्यांना मी हवा होतो, पेशंट म्हणून.

मेहकरला ते ज्या दवाखान्यात शिकवतात, तिथे मोठ्या कॉलेजांतले निवासी डॉक्टर काही महिन्यांसाठी येतात. नर्सिंगच्या मुलीही तिथेच शिकतात. या दोघांना आता एकत्र शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"औषधं येतात त्यांना, काका. माणसाशी बोलणं येत नाही. तुम्ही फक्त खोटं आजारी पडायचं."

"मला नाटक जमणार नाही," मी म्हणालो. "मी फारसा बोलत नाही."

"म्हणूनच तुम्ही हवेत. आणि सोबत काकू."

रुख्मिणी पदराला हात पुसत बाहेर आली. "मंग? यायले काय एकटं सोडतात का?"

आमच्याकडे कुणीच एकटं दवाखान्यात जात नाही. सोबतचं माणूस लागतं, आणि बोलतं तेही सोबतचंच माणूस. सासू आजारी असली तर सून सांगते, सून असली तर सासू. पेशंट स्टुलावर बसून मान हलवतो आणि डॉक्टर ज्याचा आवाज येतो त्याच्याकडे बघून लिहितात. चंद्रशेखरांच्या मते कितीतरी आजार इथेच निसटतात. पण सोबतच्या माणसाला दुखावूनही चालत नाही, ते रुसलं तर पेशंटला उठवून घेऊन जातं. म्हणून त्याला गोडीने बाहेर नेण्याचं काम नर्सचं, आणि मग गप्प बसून ऐकण्याचं काम डॉक्टरचं.

मला शालिग्राम नावाचा शेतकरी व्हायचं होतं. खोकला जात नाही. टीबीच्या गोळ्या मधेच सोडल्यात, घरात कुणाला माहीत नाही. एकांतात विचारलं तरच हे सांगायचं.

घरात माहीत नसलेलं माझंही एक होतं. दिवाळीपासून मला शौचातून रक्त पडत होतं. माझे थोरले भाऊ अशाच दुखण्याने गेले. आतड्याचा कॅन्सर, कळला तेव्हा उशीर झालेला. मी एका पुस्तकात त्याची लक्षणं वाचायला घेतली आणि पान अर्धं असतानाच पुस्तक मिटलं. रुख्मिणीला सांगितलं तर गल्लीभर होईल, अशी मी मनाची समजूत घालत होतो. खरी भीती वेगळी होती. ते ऐकून ती गप्प झाली असती.

ठरलेल्या दिवशी आम्ही गेलो. भिंतीलगत मुलंमुली वह्या घेऊन बसली होती. आधी एक डॉक्टर मुलगी आली. तिने विचारलं, "काय त्रास होतोय?"

"खोकला हाय ना मॅडम!" रुख्मिणी सुरू झाली. "रातभर ठसकतात. दवा घ्या म्हटलं तं आयकत नाहीत. बिडी नाही, तमाखू नाही, पन रात्रंदिवस पुस्तकं. त्याचीच धूळ बसली असन छातीत."

"काकू," चंद्रशेखर मागून म्हणाले, "शालिग्राम शेतकरी आहे."

"मंग शेतकऱ्यानं वाचू नाही का?"

सगळे हसले. त्या मुलीने धुळीचंसुद्धा लिहून घेतलं. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मला बरं वाटलं. काम सोपं होतं.

मग शिवम आला, नाशिककडचा निवासी डॉक्टर. त्याच्यासोबत महनूर, डोणगावची, नर्सिंगला शिकणारी. रुख्मिणीने पुन्हा धुळीपासून सुरुवात केली. महनूरने तिला वाक्य पुरं करू दिलं आणि जवळ जाऊन म्हणाली, "काकू, घरात एवढा खोकला असला तं सोबतच्या माणसालेबी तपासा लागते. चला बरं माझ्यासंग."

"मले काय झालं वं पोरी?"

"काही होऊ नाही म्हणूनच. तुमी पडल्या तं काकाचं कोन बोलन?"

"हाव, हे बराबर बोलली," रुख्मिणी म्हणाली आणि तिच्यामागे गेली.

दार लागलं. शिवमने पेन खाली ठेवलं, खुर्ची थोडी माझ्याकडे वळवली. "काका, आणखी काही सांगायचंय?"

एवढं विचारून तो थांबला. खोकल्याचा विषय नाही, घड्याळाकडे नजर नाही, काही नाही. मला वाटलं, आता तो पुढचं विचारेल. त्याने विचारलं नाही. गोळ्यांचं वाक्य मी पाठ केलं होतं. ते ओठांवर आलं आणि मी म्हणालो, "रक्त पडतं."

"खोकल्यातून?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग हाताने खाली खूण केली.

शिवम क्षणभर गोंधळला. त्याने चंद्रशेखरांकडे पाहिलं, मग हळूच मला विचारलं, "हे शालिग्रामला होतंय का, काका?"

"नाही. मला."

चंद्रशेखर उठले. त्यांनी मुलांना बाहेर जायला सांगितलं. "माफ करा," मी म्हणालो, "तुमचा वर्ग बिघडवला. या मुलाला नापास करू नका. गोळ्यांचं मीच विसरलो."

"ते राहू द्या हो," शिवम म्हणाला. "कधीपासून पडतंय?"

त्याने एकेक विचारलं, मी एकेक सांगितलं. इतकं सलग मी कधी कुणाशी बोललो असेन, आठवत नाही. तपासून झाल्यावर चंद्रशेखर म्हणाले, अकोल्याला दुर्बिणीने आतडं बघावं लागेल, लवकर. बातमी काही चांगली नव्हती, तरी छातीवरून कुणी पोतं उतरवल्यासारखं वाटत होतं.

महनूर दारातून डोकावली. बाहेर आलेल्या मुलांकडून तिला कळलं होतं. "काकूले तुमी सांगता का मी सांगू?"

"मीच सांगतो."

मी सांगितलं. रुख्मिणी गप्प झाली. मला जी भीती होती ती हीच, पण तिचं गप्प राहणं फार टिकलं नाही.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तू बोलू दिलं असतंस तर."

"वा! आता माझ्यावर!" म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावून माझा हात घट्ट धरला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, आत सापडलं ते त्याच वेळी काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. रुख्मिणी त्या दिवसांत मोजकंच बोलली आणि मला घर ओळखीचं वाटेना. मग बोलावणं आलं. आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, "साधं मांस वाढलं होतं. कॅन्सर नाही. ठेवलं असतं तर पुढे काही सांगता आलं नसतं. आता वर्षाने दाखवायला या." मी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा सांगितलं.

परतीच्या एसटीत रुख्मिणीचा आवाज परत आला. शेजारच्या बाईला, तिच्यामागच्या माणसाला, तिकिटं देत आलेल्या कंडक्टरला तिने सगळं सांगितलं. डोणगाव येईपर्यंत माझं आतडं अख्ख्या गाडीला माहीत झालं होतं. एरवी मी शरमेने खिडकीत तोंड घातलं असतं.

"एवढुशी गाठ होती, बोरायेवढी," ती सांगत होती, "काढून फेकली."

"दोन होत्या," मी म्हणालो.

गाडीतली माणसं माझ्याकडे वळली. रुख्मिणीही. "मंग तुमीच सांगा," ती म्हणाली आणि सीटवर थोडी सरकून बसली. मी घसा साफ केला आणि सांगू लागलो.