चंद्रीचा चौथा फोटो

मित्रांनो, कोडोलीत गुरांच्या एका दवाखान्यात, संगणकाच्या पोटात माझं घर आहे. मी फोल्डर. डॉक्टर नेमिनाथ काढतात ते म्हशींच्या सोनोग्राफीचे फोटो गेली नऊ वर्षं मी सांभाळतोय.

गाभण तपासणीच्या प्रत्येक शिबिरात म्हशींची नावं वहीत ओळीनं, आणि फोटो त्याच नंबरांनी माझ्याकडे. जुना प्रोग्रॅम माझ्याकडून फोटो घ्यायचा, नंबरवार लावायचा आणि पहिल्या नावापुढं पहिला, दुसऱ्यापुढं दुसरा असे छापायचा. त्या छापील कागदावरनंच डॉक्टर निकाल सांगायचे. डॉक्टर म्हणायचे, "फोल्डर कसा शिस्तीचा हाय बघा!" खरं सांगतो, शिस्त माझी नव्हतीच. माझ्यात फोटो पडतात ते जागा मिळेल तिथं. लावून देत होती ती जुन्या प्रोग्रॅमची भाषा. पण फुकटचं कौतुक कोण परत करतं? तुम्हीही करत नाही, मीही केलं नाही.

यंदा दवाखान्याचा संगणक बघणाऱ्या विश्वजितनं नवा प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत लिहिला. त्या भाषेची रीत वेगळी. ती लावत बसत नाही, हाताला लागतील तसे उचलते. विश्वजितच्या लॅपटॉपवर फोटो नंबरवार आले होते, म्हणून तो निर्धास्त. दवाखान्यात ते तसे आले नाहीत.

बनाबाईची म्हैस चंद्री वहीत चौथी होती. तिच्या नावापुढं सातव्या म्हशीचा फोटो छापला गेला.

"गाभण न्हाय, बनाबाई," डॉक्टर कागद बघून म्हणाले.

"अवो, तीन म्हैनं माजावर आली न्हाय ती. हात घालून बघा की एकदा."

"मशीन खोटं बोलंल व्हय?"

आई मेलेलं रेडकू बाटलीनं पाजून बनाबाईनं चंद्रीला वाढवलं होतं. पण दोन वर्षं ती रिकामी गेलेली, आणि चारा आणायला बाई एकटी. तिनं चंद्रीला वडगावच्या बाजारात उभं केलं. घेणारा पावणा कर्नाटकातला. म्हैस गेली, दावं तेवढं सोडून बनाबाईनं माघारी आणलं.

पुढच्याच आठवड्यात सातव्या म्हशीचा मालक केरबा दारातनंच ओरडत आला. "डागदर, गाभण म्हणून सांगितलंसा, आन् म्हस काल माजावर आली की वो!"

डॉक्टरांनी माझ्यातला एकेक फोटो हातानं उघडला. चौथ्यापाशी थांबले.

बनाबाईला बोलावलं. ती ओरडली नाही. पडद्याजवळ गेली.

"ह्यो ठिपका कसला?"

"पाय हाय. रेडकाचा."

तिनं त्यावर बोट ठेवलं. "पावण्याचं नाव कुणी इचारलंतं का वो?"

कुणीच विचारलं नव्हतं.

विश्वजितनं त्याच दिवशी एक ओळ वाढवली : आधी नंबरवार लाव, मग छाप. एवढंच राहिलं होतं, मित्रांनो. माझ्यासारख्याकडून काही घ्याल, तर क्रमही मागून घ्या. आणि जिनं बाटलीनं पाजलंय ती "हात घालून बघा" म्हणाली, तर बघा.

अजून बाजारच्या दिवशी बनाबाई येते, हातात दावं घेऊन.

"उघड की रं, इश्वजित."

तो चौथा फोटो उघडतो. ती बघत राहते.

"व्याली असंल आता," म्हणते, आणि जाते.