उशाखालचा चाकू

आमच्या ह्यांना जगात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक स्वतःचं अक्षर, दुसरा खिशातला चाकू. अक्षर त्यांचं होतं, ते मी नाकारत नाही. चाकू मात्र माझ्या बापाचा. माझे वडील रावेरच्या शाळेत पंतोजी होते. लग्नात त्यांनी तो जावयाला दिला आणि तेव्हापासून हे बऱ्हाणपूरभर ‘आमचा चाकू, आमचा चाकू’ करत हिंडत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

दिसायला त्या चाकूत काही नव्हतं. काळ्या शिंगाची मूठ, पितळेचा एक खिळा आणि करंगळीएवढं पातं, तेही वर्षानुवर्षं दगडावर घासून निम्मं झिजलेलं. पण बोरू करावा तर त्यानंच. हे कचेरीबाहेर निंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत आणि दर अर्ध्या तासानं चाकू काढून बोरूचं टोक नीट करत. लोक अर्ज राहू देत आणि तो चाकू बघत, असं हे सांगत. निम्मं तरी खरं असेल.

दिल्लीला बादशहाचा दरबार भरला, त्या थंडीत मी बाळंत झाले. गुरुवारी सकाळी मुलगी झाली आणि मालूबाई सुईण दारातून ओरडली, “लोखंड द्या वो, लोखंड! पोरीच्या उशाले काय ठेवू मी?” ओसरीत येरझाऱ्या घालून ह्यांचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. सासूबाई अडकित्ता शोधेपर्यंत ह्यांनी कोपरीच्या खिशात हात घातला आणि चाकू दारातून आत सरकवला. मालूबाईनं तो उशाखाली ठेवला आणि झालं. एकदा ठेवलेलं लोखंड बाराव्या दिवसापर्यंत हलवायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

शुक्रवारी कचेरीतून हुकूम आला. आवारात यापुढे एकच अर्जनवीस बसेल, सरकारी परवान्याचा. बाकीच्यांनी आपापली दौत उचलावी. परीक्षा सोमवारी. दोन तासांत तीन अर्ज लिहायचे, तेही बोरूनं, कारण टाकाची निब कचेरीच्या कागदाला ओरबाडते आणि तहसीलदारांना ते खपत नाही. बोरू ज्याचे त्यानं आणायचे.

निंबाखाली चौघे बसत. चौघांतला एकच उरणार होता. आमचं घर त्या निंबावर चालत होतं, शेत नाही की दुकान नाही. परवाना गेला तर ह्यांनी जिनिंगमध्ये कपाशीची पोती उचलायची, आणि ह्यांचा दंड बघितला असता तर तुम्हालाही हसू आलं असतं. मला आलं नाही.

हे दाराशी येऊन उभे राहिले. आत यायची सोय नव्हतीच. “आई,” म्हणाले, “तेवढा चाकू... फक्त सोमवारपुरता. त्याच्या जागी अडकित्ता ठेवू.”

सासूबाईंनी, रंभाबाई त्यांचं नाव, अख्खी गल्ली ऐकेल असा आवाज काढला. “अनंता! ध्यान आहे का तुले? मागच्या वेळी विळा कोणी नेला होता?”

ह्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मी आत मुलीला जवळ ओढलं. आमचा पहिला मुलगा सहाव्या दिवशी गेला. त्याच्या उशाखालचा विळा पाचव्या दिवशी कोणीतरी म्हशीचं गवत कापायला नेला होता. त्यानंच गेला का, हे मला विचारू नका. मी पंतोजीची मुलगी, मला थोडं वाचता येतं, पण त्या शुक्रवारी ह्यांनी माझे पाय धरले असते तरी मी तो चाकू बाहेर दिला नसता.

मग शनिवारी सकाळी ओसरीत चाकूंची परीक्षा भरली. हे तापीच्या काठावरून बोरूची जुडी घेऊन आले आणि दोस्त आपापले चाकू घेऊन आले. माझ्या खोलीच्या दाराला गोधडी टांगलेली होती, त्यामुळे मला दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. आणि चाकू कसा आहे ते कळायला मला डोळे लागत नाहीत.

पहिला बोलला लीलाधर. तो जिनिंगमध्ये कारकून, ह्यांचा लंगोटीयार. त्याच्याकडे विलायती चाकू होता, खांडव्याच्या कोण्या साहेबाच्या लिलावातून घेतलेला. “देखो भाऊ, दोन पाती! हाडाची मूठ! ही कमान बघ कशी कडक आहे.” कमान खट्कन वाजली आणि पाठोपाठ लीलाधर ‘आई गं’ म्हणाला. पातं उघडताना त्याच्या नखाचा तुकडा गेला होता. मग बोरूवर चाकू चालल्याचा आवाज आला, दमदार, करकरीत. तासायला झकास हत्यार, मी मनात म्हटलं. पण बोरूच्या टोकाला मधोमध चीर द्यायची वेळ आली तेव्हा ‘कट्’ असा आवाज आला. गेला बोरू, उभा फाटला. जाड पाठीचं पातं, पाचरीसारखं शिरतं, दुसरं काय होणार? त्यांनी दुसरा बोरू घेतला. कट्. तिसरा घेतला. कट्.

“बोरूच खराब आहेत,” लीलाधर म्हणाला.

“हाव, आणि आंगन वाकडं,” उखर्डू म्हणाला.

उखर्डू निंबोल्याचा, कपाशीवाला. वर्षाच्या वर्षाला त्याचे अर्ज हे लिहीत. त्याचा चाकू त्याच्या गावच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकावरच्या धावेच्या लोखंडातून ठोकलेला, बाभळीच्या लाकडाच्या मुठीचा. “मी यानं ऊस सोलतो, दोरखंड कापतो, अन् कैरीबी खातो. खिशात ठेवा, कमरेला खोचा, बैलाच्या पायाखाली येऊ द्या, याले काही होत नाही.” आणि खरंच, पहिला बोरू सर्रकन झाला. माझा जीव हरखला. दुसराही झाला. तिसऱ्याला आवाज जरा घोगरा आला. चौथ्याला तर पातं घासत चाललं. नरम लोखंड! धार पटकन येते आणि आली तशी पटकन जाते. उखर्डू दगड मागू लागला. परीक्षेत दर चार बोरूंमागे दगडावर घासत बसायला तहसीलदार वेळ देणार होते थोडाच?

“सुपडूभाऊ, तुझं काढ,” हे म्हणाले. आवाजात आता घाम होता.

सुपडू जरीचं काम करायचा. त्याचं हत्यार म्हणजे मोडक्या वस्तऱ्याचा तुकडा, हाडाच्या दोन पट्ट्यांत बसवलेला. तो बाहेर काढला तसे सगळे एकदम हळू बोलायला लागले, इतकी त्याची धार. “तार कापतो मी यानं, जरीची. केस धरा, केसबी चिरतो.” केस धरला असावा, कारण ओसरीत ‘वा!’ झालं. मग बोरू घेतला. आणि मला आतून कळलं, हे काही खरं नाही. वस्तऱ्याचं पातं पातळ, ते कडक बोरूवर थरथरतं. तो थरथराट गोधडीपलीकडून ऐकू आला, आणि पुढच्याच क्षणाला ह्यांचा आवाज, “अरे अरे, बोट!” रक्त फार नव्हतं म्हणे, पण पात्याचा कपचा उडाला तो उडालाच. सुपडू बिचारा तुकडा शोधत ओसरीभर रांगत राहिला.

तीन चाकू, तेवीस बोरू, आणि कामाचे झाले दोन. हे मटकन खाली बसल्याचंही मला ऐकू आलं.

मी मुलीकडे बघितलं. ती निवांत झोपली होती, डोक्याखाली उशी, उशीखाली माझ्या बापाचा चाकू. आणि मला एकदम इतका आनंद झाला की मी उठून बसले. मालूबाईनं मला दाबून धरलं. “पडून राह्य वो बाई, काय झालं तुले?”

“आत्याबाई!” मी हाक मारली. सासूला आमच्याकडे आत्याबाईच म्हणतात. “चाकू बाहेर जात नाही ना? मग बोरू आत येऊ द्या!”

सासूबाई गोधडीशी आल्या. “आत कोण करणार बोरू? मालूबाई?”

“मी.”

ओसरीत लीलाधर खुदकन हसला. मी त्याला ते हसू पुढे वर्षभर फेडायला लावलं, पण ती गोष्ट वेगळी.

“तुले येतं?” सासूबाईंनी विचारलं.

मला येतं का! सात वर्षांची होते तेव्हापासून रावेरच्या शाळेतल्या चाळीस मुलांचे बोरू मी करत होते. वडील शिकवत बसायचे आणि मी त्यांच्या मागे बसून तासायची. याच चाकूनं. मुठीवर अंगठा जिथे बसतो तिथे जो खोलगट झाला आहे, तो माझ्याही अंगठ्यानं झाला आहे. सासरी आले आणि माझ्या हातात विळी दिली गेली. चाकू ह्यांच्या खिशात गेला. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सासूबाईंनी मिनिटभर विचार केला. बाळंतिणीच्या खोलीतली वस्तू बाहेर न्यायची, वर ती लिहायला वापरायची, हा साधासुधा प्रश्न नव्हता. शेवटी त्यांनी निकाल दिला, आणि तहसीलदारानं काय द्यावा असा दिला. “बोरू वाळकं आहे. वाळक्याले विटाळ नाही. वर तापीचं पाणी शिंपडू. पण चाकू अंथरुणावरून वीतभर हलला तं माझ्याशी गाठ आहे.”

रविवारी सकाळी जुडी आत आली. मी मुलीच्या उशाशी बसले, डावा गुडघा उशीला टेकवून. चाकू हातात घेतला आणि अंगठा आपोआप त्या खोलगटात जाऊन बसला. सहा वर्षं झाली होती. हात विसरला असेल तर, अशी एक धडकी भरली. मग पहिला तिरका काप घेतला. सर्र... पापुद्रा निघून मांडीवर पडला. विसरला नव्हता! बोरूचं पोट कोरलं, दोन्ही खांदे तासले, अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून हलकेच चीर दिली. ना कट् ना फट्. शेवटी टोक तिरकं छाटलं आणि मालूबाईच्या हाती पहिला बोरू बाहेर धाडला.

ओसरीत ह्यांनी तो दौतीत बुडवला. कागदावर चालल्याचा आवाज आला. ओळ संपली.

“अनंतराव,” लीलाधरच म्हणाला, “हे तर छापल्यावानी उतरलं यार.”

मग ह्यांचा आवाज आला, एवढासा. “आई, अजून अकरा होतील का, विचार.”

“होतील म्हणावं!” मी आतून ओरडले. बाळंतिणीनं असं ओरडू नये म्हणतात. मला त्या वेळी नाचावंसं वाटत होतं, नुसतं ओरडले हे नशीब समजा.

सोमवारी हे बारा बोरू धोतराच्या सोग्यात गुंडाळून गेले. दोन तास मी छतातल्या वाशांची मोजदाद केली. सासूबाई दर घटकेला देवाला काहीतरी नवीन कबूल करत होत्या. सगळं फेडायचं म्हटलं असतं तर परवान्याची कमाई नारळांतच गेली असती. दुपारी गल्लीच्या तोंडापासून लीलाधरच्या धावत्या पायांचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्याची बोंब. “मिळाला! वहिनी, मिळाला!”

धापा टाकत त्यानं गोधडीबाहेरून सगळं सांगितलं. बाकीचे तिघे दर अर्ध्या पानाला थांबून चाकू काढत होते, तासत होते, फुंकत होते. एकाचा बोरू ऐन सहीच्या जागी फाटला आणि शाईचा डाग पडला. आमचे हे मात्र थांबलेच नाहीत. टोक बोथटलं की बोरू खाली, दुसरा वर. नऊ लागले. तिन्ही अर्ज घंटेच्या आधी पुरे. तहसीलदारांनी एक बोरू उचलून टोक उन्हात धरून बघितलं आणि विचारलं, चाकू कोणाचा?

“मग? काय सांगितलं ह्यांनी?” मी विचारलं.

“खोटं नाही सांगत वहिनी. ते म्हणाले, माझ्या बायकोचा.”

मी भिंतीकडे तोंड केलं. मालूबाईनं बघितलंच, पण ती मुलीचं दुपटं सारखं करत राहिली.

तो पाचवा दिवस होता. दिवेलागणीला सासूबाईंनी माझ्या खोलीत सटवाईची पूजा मांडली. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद ठेवतात, दौत ठेवतात, बोरू ठेवतात.

“अनंता, बोरू दे रे एक,” सासूबाई म्हणाल्या.

हे दाराशी आले. हात रिकामे. नऊ झिजले होते आणि उरलेले तीन तहसीलदारांनी स्वतःसाठी ठेवून घेतले होते. सासूबाईंचं तोंड उतरलं. मग मी अंथरुणातल्या गोधडीच्या घडीत हात घातला आणि तेरावा बोरू काढून पाटावर ठेवला. रविवारी सगळ्यांत शेवटी केला होता, हात पूर्ण मोकळा झाल्यावर.

ह्यांनी उंबऱ्याबाहेरून वाकून बघितलं. अक्षरावर जगणारा माणूस, त्यांना लगेच कळलं. “हा तर त्या बारांपेक्षा सरस आहे,” म्हणाले. “परीक्षा माझी होती. मला का नाही दिलास?”

“तुमचं लिहिणं दोन तासांचं होतं,” मी म्हटलं. “हिचं जन्माचं आहे.”