शेजारच्या दातावरची खाच

१९९८ साल होते. त्या वर्षी दातांच्या दवाखान्यामागच्या छोट्या खोलीत माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टरची बत्तीशी आहे. खरे तर वरच्याच जबड्याची, म्हणजे निम्मीच!

शिवणकाम करणाऱ्या एका आजींच्या दातांचे माप घेऊन डॉक्टरांनी मला ओतले. आजी दोरा दातांनीच तोडायच्या. दातांनी तीस वर्षे सोसले. मग जाड कोटाचे बटण लावताना समोरचा एक दात अर्धा तुटला. खळखळून हसणाऱ्या आजी तेव्हापासून ओठ मिटून राहू लागल्या. त्यांची लहानगी नात विचारायची, "आजी, माझ्यावर रागावलीस का गं?"

दात घडवणाऱ्या ताईंनी माझ्या तुटक्या दातावर कॉम्पोझिट नावाच्या दातासारख्या मसाल्याचा मऊ लगदा थरावर थर चढवला, निळ्या उजेडात कडक केला, छोट्या भट्टीत तापवला. शुभ्र, सरळ तुकडा तयार झाला. डॉक्टरांनी वाहवा केली. आजींनी मात्र चिकटवण्याआधी तो दाताला लावून आरशात पाहिला आणि तडक आमची खोली गाठली.

"पोरी, काम झकास आहे गं. पण दात शेजारणीकडून उसना आणल्यासारखा दिसतो!"

ताईंनी त्यांना खिडकीशी बसवले, तोंड उघडायला लावले आणि कपाळावर हात मारला.

"अगंबाई! ही शेजारच्या दातावरची खाच खरीच आहे? मला वाटलं, प्लास्टरमध्ये बुडबुडा राहिलाय."

"बुडबुडा कसला? दोऱ्याने कोरलीय ती!"

ताईंनी दुसरा तुकडा मुद्दाम किंचित पिवळसर घडवला, तशीच पुसट खाच असलेला. दोन दिवस तो माझ्यापाशी होता. त्या दोन दिवसांत मी पूर्ण होते.

"खाच ठेवलीय, पण पुन्हा दोरा तोडलात तर बघा हं, आजी!"

"बरं बाई, कात्री गळ्यात बांधून फिरते!"

तुकडा आजींच्या दातावर बसला आणि आजी हसल्या. ते हसू भिंतीपलीकडून मी ऐकले, एकदाच. माझा दात मात्र पुन्हा तुटकाच राहिला.

पुढे डॉक्टर निवृत्त झाले. ताईंची नजर मंदावली, तरी त्यांनी मला कुणाला टाकू दिले नाही. आजी बारा वर्षे मनसोक्त हसल्या आणि मग गेल्या.

मित्रांनो, दात म्हणजे कात्री नव्हे, त्यांना जपा. आणि घरातले कोणी हसायचे थांबले, तर जवळ बसून कारण विचारा.

गेल्या वर्षी आजींची ती नात ताईंकडे आली. आता तीही कपडे शिवते. गळ्यात आजींची कात्री होती. तिने मला हातात घेतले, त्या खाचेवरून हळूच बोट फिरवले आणि खळखळून हसली. अगदी तसेच.