रानकुत्र्याला दहीभात

आमच्या आईला, म्हणजे अंबूताईंना, कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नाही. तरी मी शाळेत शिकवून आले की चहाच्या आधी ती श्रीहरीच्या खोलीत खुर्ची ओढून बसते आणि मला हाक मारते. श्रीहरी माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. राहतो रायापूरला, आमच्या धारवाडच्या घरापासून बसनं पाव तासावर, पण आईच्या लेखी ते सातासमुद्रापलीकडे. ती त्याचं नाव घेत नाही. मी गुपचूप त्याच्याकडे जाते तेव्हा लोणच्याची बरणी मात्र माझ्या पिशवीत आपोआप येऊन बसलेली असते.

आणि कॉम्प्युटरवर तिला तो रोज बघायचा असतो. खेळ असा आहे: रानात काही माणसं येतात, शेत करतात, घरं बांधतात, जनावरं पाळतात. कुणी काय करायचं ते आपण सांगायचं. श्रीहरीनं त्यातल्या माणसांना आमचीच नावं दिली होती. खेळातली अंबूताई दिवसभर स्वयंपाक करते, खेळातली वेदश्री, म्हणजे मी, आळशी आहे, आणि खेळातला श्रीहरी घरातच राहतो.

या खेळात लोक आपापली भर घालतात, तिला मॉड म्हणतात. एका श्रावणात आईनं पडद्यावर बकरं कापताना पाहिलं आणि उठून आंघोळ केली. मग श्रीहरीनं तिच्यासाठी एक मॉड स्वतः केला. वस्तीतलं कुणीही मांस शिजवणार नाही, त्याला हातही लावणार नाही. नाव ठेवलं ‘आईचं सोवळं’. आईनं कौतुकानं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं.

मग रूपा आली. अळणावरकडची, मराठ्यांची मुलगी, अमरगोळच्या बाजारात एका अडत्याकडे नोकरीला. श्रीहरीशी लग्न झाल्यावर आईनं अट घातली, मांस माहेरीसुद्धा खायचं नाही. रूपानं शांतपणे सांगितलं की या घरात जन्मात नाही, पण माझ्या आईनं वाढलेलं ताट मला सारता यायचं नाही. आई म्हणाली, मग तिकडेच राहा. दोघं रायापूरला गेले. आमच्या मातोश्रींचं सोवळं राहिलं आणि मुलगा गेला.

गेल्या महिन्यात खेळातल्या वस्तीभोवती एक तांबडा रानकुत्रा फिरायला लागला, दांडेलीच्या जंगलात असतात तसला. जंगली जनावरांचा मॉड श्रीहरीच जाताना घालून गेला होता. लहानपणी त्याला कुत्रं हवं होतं आणि आईनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. आता ती हट्टालाच पेटली, हा कुत्रा त्याला मिळालाच पाहिजे. रोज खेळातला श्रीहरी खाणं घेऊन जायचा आणि कुत्रा तोंड फिरवायचा. आईनं दहीभात न्यायला सांगितला. उन्हाचं दहीभाताला कोण नाही म्हणतं, हा तिचा सवाल. मी रानकुत्र्याला दहीभात पाठवला. एक दिवस त्या कुत्र्यानं श्रीहरीलाच फाडलं. तो अंथरुणाला खिळला. आई चहा न घेता समोर बसून राहिली आणि मला म्हणाली की त्याच्या खोलीचं दार लाव, वारा लागेल.

मला खेळाचा मनस्वी राग आला होता, पण रिकाम्या हातानं परत येणाऱ्या त्या चित्रातल्या पोरासाठी ती पडद्यासमोरून हलेना. पोरगा बरा झाल्यावर मी सगळं करून पाहिलं. श्रीहरीचं जनावरं हाताळायचं कसब वाढवलं. मॉडचा क्रम बदलला. एकेक बंद करून बघायला लागले, पण ‘आईचं सोवळं’ काही माझ्यानं बंद करवेना. शेवटी इंटरनेटवर हा खेळ खेळणाऱ्यांच्या मंडळात विचारलं. एका भल्या माणसानं उत्तर दिलं की हा प्राणी फक्त मांस खातो आणि तुमची माणसं मांसाला शिवत नाहीत. दोन मॉड एकमेकांशी भांडतायत, एक काढावा लागेल. कुठला ते मला कळलं, पण आईला सांगायची हिंमत होईना. मी तिच्यासमोरच श्रीहरीला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकर चालू केला.

ऐकून तो आधी हसला. दहीभाताचं ऐकून फारच हसला. मग म्हणाला, “अक्का, आईचं सोवळं काढ. नाहीतर तो कुत्रा एक दिवस मला मारूनच टाकेल.”

मी आईकडे पाहिलं. तिनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“काढ,” ती म्हणाली.

नक्की ना, असं मी विचारलं.

“काढ म्हणाले की गं.”

मी काढलं. फोन चालूच होता, तो सांगत गेला तसं करत गेले. खेळातल्या वेदश्रीनं ससा मारला. श्रीहरी मांस घेऊन रानात गेला. कुत्र्यानं हुंगलं, खाल्लं आणि त्याच्या मागोमाग वस्तीत आला. आईनं पदरानं डोळे पुसले, फोन माझ्या हातातून घेतला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मुलाशी बोलली.

“श्री, घेतलं बघ त्यानं. आता तूही ये. रूपाला घेऊन ये. तिनं माहेरी काय खावं ते मी विचारणार नाही.”

तिकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

“आई, तू बोललीस त्या दिवसापासून रूपानं माहेरीसुद्धा खाल्लं नाही,” श्रीहरी म्हणाला. “तिची आई ताट वाढून रडायची. दर पाडव्याला ही तुझ्यासाठी साडी आणून ठेवायची, बोलावणं येईल म्हणून. यंदाची साडी तिनं भावजयीला दिली. बास म्हणाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी माहेरी जाऊन पोटभर जेवली. मी तिला परत वाट बघायला लावणार नाही, आई.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाशी भांडता येतं. मी मध्ये काहीतरी बोलायला गेले तर तो म्हणाला, “बिडु, सोड, अक्का. आता नको.” आणि फोन ठेवला.

आई फोन तसाच धरून बसली. मग माझ्याकडे वळली. इतकं लहान तोंड मी तिचं कधी पाहिलं नव्हतं.

“पण मी काढलं की गं,” ती म्हणाली. “तुझ्यासमोरच काढायला सांगितलं की.”

हो, मी म्हणाले.