मधला तास

फेलिसाने घेवड्याच्या भांड्यावर झाकण आदळलं. सहा वाजत आले होते आणि नवऱ्याचा, नाबोरचा, पत्ता नव्हता. लाकडं कापायची सॉ मिल पाचला सुटते, चढ चढला की घर.

"मागच्या उन्हाळ्यापर्यंत पाचला दारात असायचा गं," ती म्हणाली.

समोर चोना बसली होती, फेलिसाच्या लेकीची धर्ममाता. या घरातलं काही तिच्यापासून लपलेलं नव्हतं. तिने हाताला लागलेलं मक्याचं पीठ झटकलं.

"अगं खुळे, तेव्हा मेक्सिको सिटीतलं सरकार दर उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायचं. मिल सरकारच्या वेळेवर, आपली घरं देवाच्या जुन्याच वेळेवर. मिलमध्ये पाच, तेव्हा तुझ्या भिंतीवर किती?"

"चार," फेलिसा म्हणाली, आणि तिचा हात थांबला.

"मग घरी पाचला यायचा तर मधला तास कुठे घालवायचा? यंदा सरकारने तो खेळ बंद केला, म्हणून चोरी उघडी पडली. आणि थंडीत? तेव्हा तर घड्याळं जुळायची."

"थंडीत सरळ घरी यायचा." आणि थंडी संपेपर्यंत चिडचिड करायचा. फेलिसाला वाटायचं, गुडघा दुखतो म्हणून.

"पाणी मुरतंय कुठेतरी," चोना म्हणाली. "बाईच असणार."

दुसऱ्या दिवशी फेलिसा शाल डोक्यावरून घेऊन मिलसमोरच्या फड्या निवडुंगाआड उभी राहिली. आज काही दिसलं तर याचे कपडे दारात फेकायचे आणि लेकीकडे निघून जायचं, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

नाबोर बाहेर पडला, तशी ती अंतर ठेवून मागे निघाली. दारूच्या दुकानाशी थांबला नाही. विधवा लिब्रादाच्या दाराकडे त्याने मानही वळवली नाही. कोरड्या हौदाच्या कठड्यावर जाऊन बसला, टोपी काढून बाजूला ठेवली. बस्स. ना कुणी आलं, ना त्याने कुणाची वाट पाहिली. एक कुत्रं तेवढं पायाशी येऊन पडलं. त्याचा चेहरा इतका मोकळा तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि तिला रडूच फुटलं. बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या!

ती मागच्या वाटेने घरी आली आणि तरातरा भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल ओढून त्यावर चढली.

नाबोर आला तो तोंडात सबब घेऊनच. भिंतीवर पाच वाजले होते. त्याने घड्याळाकडे पाहिलं, दाराबाहेर उतरत्या उन्हाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"उशीर झाला का गं?"

"छे. या घरात देवाची वेळ चालते, म्हाताऱ्या. हात धू."

तो बादलीशी वाकला. तिने ताट वाढलं.

"आणि रविवारी तो तास माझा. चूल तू सांभाळायचीस. कुठे गेले होते, ते विचारायचं नाही."

नाबोरचे हात पाण्यातच राहिले.

"म्हणजे? कुठे जाणार आहेस?"