उसळणारे सेल

एल्विनने सेल टेबलापासून वीतभर उंच धरला आणि सोडला. सेल टणकन उसळला, आडवा पडला आणि गडगडत मिठाच्या बाटलीपाशी जाऊन थांबला.

"उतरलाय," तो म्हणाला. "पण घड्याळाला अजून वर्षभर चालेल."

नवा सेल धप्पकन बसतो, वापरलेला उसळतो, ही त्याची जुनी परीक्षा. टॉर्चमधून उतरलेला सेल बायकोच्या, व्हर्नाच्या रेडिओत जायचा, रेडिओतून घड्याळात, आणि घड्याळ थांबलं तरच कचऱ्यात. एल्विनच्या टाकाऊ सेलवर आपला रेडिओ तीन-तीन महिने गातो, हे व्हर्ना चर्चच्या जेवणात कौतुकाने सगळ्यांना ऐकवायची.

आज मात्र तिचं सेलकडे लक्ष नव्हतं. अख्ख्या मेन राज्यावर बर्फाचा पाऊस कोसळला होता. तारा तुटून कालपासून वीज नव्हती. खिडक्या घट्ट लावलेल्या, आणि दोघांच्या मध्ये गॅसची शेगडी लालबुंद जळत होती. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. ते भीतीने की शेगडीच्या विषारी वायूने, हे कळायला मार्ग नव्हता. त्या वायूला ना रंग ना वास. मागच्या थंडीत रस्त्यापलीकडचं जोडपं झोपेतच गेलं होतं.

त्या वायूचा अलार्म भिंतीवर होता. एरवी तो विजेवर चाले, वीज गेली की आतल्या सेलवर.

"एल्विन, अलार्मचं बटण दाबून बघ ना."

"कशाला उगाच सेल जाळायचे? तशी वेळ आली तर ओरडेल की."

"उतरलेले तर नाहीस ना घातलेस त्यात?"

"अलार्ममध्ये? मी कंजूष असेन, वेडा नाही."

पण हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मघाचाच सेल उचलून पुन्हा टेबलावर सोडला.

व्हर्ना उठली, तिने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग तिने अलार्म भिंतीवरून काढला आणि मागचं झाकण उघडलं. आत उतरलेले सेल नव्हते. सेलच नव्हते.

तिने धावत जाऊन खिडकी उघडली. गार वारा आत घुसला. एल्विनने घाईघाईने शेगडी बंद केली.

"कुठेत सेल?"

त्याने फळीवरच्या रेडिओकडे पाहिलं.

व्हर्नाने रेडिओ उघडून एक सेल टेबलावर सोडला. धप्प. उसळला नाही, जागच्या जागी उभा राहिला.

"माझे उतरलेले दोन दिवसांत मान टाकायचे," एल्विन जमिनीकडे बघत म्हणाला. "गाणं अर्ध्यात तुटायचं. तू बोलायची नाहीस, नुसता रेडिओ हलवून बघायचीस. मग मी गुपचूप नवे घालायला लागलो. तू ते जगाला सांगत सुटलीस, माझं तोंडच बंद झालं. परवा पाकीट संपलं, आणि तुला वादळाच्या बातम्या हव्या होत्या."

"मेलो असतो आपण, एल्विन!" तिचा आवाज चिरकला. "माझ्या बातम्यांपायी मेलो असतो!"

त्याने रेडिओतले उरलेले सेल काढून तिच्यापुढे ठेवले.

तिने सेल अलार्ममध्ये घातले. तो एकदा किंचाळला आणि त्याचा हिरवा दिवा लागला. बऱ्याच वेळाने, खिडकी बोटभर उघडी ठेवून, त्यांनी शेगडी पुन्हा पेटवली. व्हर्नाचं डोकं अजून दुखत होतं. रिकामा रेडिओ मांडीवर घेऊन ती त्या दिव्याकडे बघत बसली. बाहेर कुठेतरी फांदी कडाडून मोडली. वीज कधी येणार, रस्ते कधी उघडणार, काही कळत नव्हतं.

एल्विनने घसा खाकरला.

"नमस्कार, श्रोतेहो," तो निवेदकासारखा नाकातून म्हणाला. "उत्तरेकडून गार वारे वाहत आहेत. एका घरात नवरा मूर्ख निघाल्याचं वृत्त आहे. वीज कधी येईल, याबद्दल आमच्याकडे काहीही माहिती नाही."

व्हर्नाची नजर दिव्यावरून हलली नाही. रेडिओचं बटण मात्र तिने बोटांनी सावकाश फिरवलं.

"मोठ्याने," ती म्हणाली. "नीट ऐकू येत नाहीये."