फ्रीजमध्ये राहिलेलं फूल

लॉन्ड्रीवरच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची. फूलबाबा सकाळी प्रत्येक रोग्याच्या हातात एक पांढरी जास्वंद ठेवत. "उशाशी ठेवा, रोग शोषून घेईल," असं सांगत. संध्याकाळी तेच फूल लालबुंद होऊन परत येई. पांढरी जास्वंद कधी लाल होत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून तर सगळे चाट पडत.

शिंपीणकाकूंनी बाबांच्या भरवशावर इन्सुलिन सोडलं आणि बघता बघता त्या खंगल्या. शाळेत जीवशास्त्र शिकवणारी पुतणी समजावून थकली, पण काकू ढिम्म हलल्या नाहीत.

एके दिवशी काकूंचं फूल संध्याकाळीही पांढरंच राहिलं. बाबांनी भर गर्दीत सांगितलं, की बाईंच्या पोटात पाप आहे. घरी येऊन काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या.

"मी काही आता वाचत नाही गं," त्या पुतणीला म्हणाल्या.

काका ओशाळून पुटपुटले, "कोमेजू नये म्हणून मी ते दिवसभर फ्रीजमध्ये ठेवलं होतं. इन्सुलिनच्या बाटलीशेजारी."

पुतणीची ट्यूब पेटली. तिने फूल उलटसुलट पाहिलं. जास्वंदीची केसरांची लांब दांडी पाकळ्यांच्या बाहेर डोकावते. याची आखूड, आतच दडलेली. लॉन्ड्रीमागच्या अंगणात जाऊन तिने बाबांची झुडपंही शोधली. जास्वंदीची पानं चकचकीत, यांची लवदार आणि पंजाएवढी.

दुसऱ्या संध्याकाळी तिने काकूंना हात धरून हॉलमध्ये नेलं आणि सगळ्यांसमोर तीन फुलं मांडली.

"ही खरी जास्वंद. दिवसभर काकूंच्या उशाशी होती, तरी पांढरीच. ही दोन बाबांच्या अंगणातली, जास्वंदीच्या बहिणीची. तिचं फूल सकाळी पांढरं उमलतं आणि दिवसाच्या उबेत आपोआप लाल होतं. हे फ्रीजमध्ये होतं म्हणून पांढरं राहिलं. आणि हे लाल झालेलं काकांच्या शिलाई मशीनवर होतं. आता मशीनला कुठला रोग?"

हॉलमध्ये हशा पिकला. बाबांना नेमकी तेव्हाच ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या दाराने सटकले.

काकू मात्र हसल्या नाहीत. ते लाल फूल त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"फूल गुणी आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या नावावर खोटं खपवणारा लबाड. आणि विचारायचं सोडून मान डोलावणारे आपणही थोडे वेडेच." मग पदर खोचून त्या उठल्या. "चल, डॉक्टरांकडे. माझी साखर फुलाला विचारून कळायची नाही."